करवतीचा दात कुणीकडे?

भात घरात आलंय, कुळीथ पेरून झालेत, मध्ये थोडी उसंत मिळाली म्हणून आज आमचा गट तुमच्याशी बोलायला बसलाय. विषय ऐकून काही जणी हसतील. आज आम्ही करवतीची गोष्ट सांगणार आहोत. हो, तीच, सुताराच्या पेटीतली.

झालं असं, की आम्ही अकरा जणींनी बांबूचं काम हाती घेतलं, ते तुम्हाला ठाऊक आहे. माणगा बांबू आपल्या बांधावर उभाच असतो. पहिली मागणी आली ती पेनं ठेवायच्या दोनशे नळ्यांची. घासायचं, रंगवायचं, दोरी गुंफायची हे सगळं आम्ही करणार आणि कापून देणार गावातलाच एक जण, नगाला पैसे घेऊन. तो दोनदा आला, तिसऱ्यांदा आलाच नाही. तारीख जवळ आली. मग आमच्यातल्या तिघी तालुक्याच्या बाजारात गेल्या आणि करवत घेऊन आल्या. दुकानात सांगितलं, चांगली द्या. त्याने मोठी दिली. मोठ्या दातांची, लाल मुठीची, साडेचारशे रुपयांची.

पहिल्या पन्नास नळ्यांतल्या चौतीस वाया गेल्या. बांबू कापला जाईना, फाटायचा. कडेला दात घासायच्या जुन्या ब्रशासारखे तंतू सुटायचे. करवत मध्येच अडकायची, आम्ही जोर लावायचो, ती वाकून फटकन निसटायची. एका काकीचं मनगट असं सुजलं की आठ दिवस तिला भाकरी थापता आली नाही. शेजारच्या अंगणातून आवाज आला, "बायकांच्या हातात तेवढा जोर नसतो, उगाच कशाला त्या भानगडीत पडता." खरं सांगायचं तर आम्हालाही ते पटलं होतं. मागणी परत करायची असं जवळजवळ ठरलंच होतं.

मग आले आमचे मेस्त्रीआजोबा. आता काम करत नाहीत, डोळ्यांना कमी दिसतं. त्यांनी आमच्या हातांकडे पाहिलंच नाही. करवत मागितली, दातांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "पोरींनो, ही फळी उभी चिरायची करवत आहे. हिने बांबू आडवा कापाल तर तो फाटणारच. मी कापला तरी फाटेल." आणि खरंच बसले, कापला, तो फाटला. आम्ही बघतच राहिलो. मग म्हणाले, "दात कुणीकडे वळलेत ते बघितलंत का घेताना?"

बघितलं नव्हतं. दात कुणीकडे तरी वळलेले असतात हेच आम्हाला माहीत नव्हतं. त्या दिवसापासून आम्ही करवतीच्या मागे लागलो. शाळेतल्या बाईंनी पुस्तकं आणून दिली, केंद्रावरच्या मुलींनी शोधून दिलं, मेस्त्रीआजोबांना तर आम्ही भंडावून सोडलं. जे हाती लागलं ते आज सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे दातेरी हत्यार आपल्या हाताला नवं नाही. नारळाची खवणी घ्या, तिला दात आहेत. भात कापायचा दातेरी विळा घ्या. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेला वैभव विळा आपल्यातल्या पुष्कळ जणी वापरतात. त्याचं पातं डोळ्यांजवळ धरून बघा, बारीक बारीक दात दिसतील. साधा विळा झटका देऊन कापतो, दातेरी विळा नुसता ओढला की कापतो, म्हणून मनगट कमी दुखतं. म्हणजे तो विळा एका अर्थी वाकडी करवतच आहे. तिकडे विदर्भातल्या मैत्रिणी तर करवत अंगावर नेसतात! टसरची करवतकाठी साडी, तिच्या काठावर करवतीच्या दातांसारखी ओळ विणलेली असते.

दगडाचे दातही होते. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ पासून बरीच वर्षं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव निघालं. तांबं त्यांच्याकडे होतं, पण थोडं. रोजचं कापणं-सोलणं चाले ते गारगोटीच्या जातीच्या दगडाच्या लांबट पात्यांनी. अशी पाती लाकडाच्या खाचेत ओळीने बसवली की विळा तयार व्हायचा. पश्चिम आशियात तर याहून कितीतरी आधी लोक गारेची पाती डांबराने लाकडात चिकटवून धान्य कापत होते.

धातूची करवत बघायची तर इजिप्तला जावं लागतं. तिथे मेकेत्रे नावाच्या एका बड्या अधिकाऱ्याच्या थडग्यात १९२० साली लाकडी बाहुल्यांचा खजिना सापडला. साधारण चार हजार वर्षांपूर्वीचा. मेल्यावरही सगळा कारभार सोबत असावा म्हणून त्याने गोठा, बेकरी, होड्या, सगळं छोटं छोटं करून ठेवलं होतं. त्यात एक सुतारांचा कारखाना आहे. मधोमध उभा खांब, त्याला फळी बांधलेली आणि एक सुतार ती करवतीने उभी चिरतोय. त्याच थडग्यात दुसरी खोली आहे, विणकामाची. तिथे सूत कातणाऱ्या आणि माग चालवणाऱ्या सगळ्या बायका. चार हजार वर्षांपूर्वी कुणीतरी वाटणी करून ठेवली, करवत इकडे आणि सूत तिकडे, आणि आपण अजून तीच पाळतोय असं आमच्यातली एक म्हणाली. आम्ही त्यावर बराच वेळ बोललो, पण ते इथे नको.

इजिप्तच्या त्या करवतीचं पातं तांब्याचं होतं. तांबं मऊ. मऊ पातं पुढे ढकललं तर वाकतं, दुमडतं. कागदाची पट्टी पुढे ढकलून बघा, मग तीच ओढून बघा. ओढताना ती ताठ राहते. म्हणून त्या करवतींचे दात मुठीकडे वळलेले असत. आपल्याकडे ओढलं की कापायचं, ढकलताना नुसतं परत न्यायचं. मेस्त्रीआजोबांच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे. दात मुठीकडे वळलेले असतील तर करवत ओढून चालवायची, मुठीपासून दूर वळलेले असतील तर ढकलून.

आता आपल्या देशात येऊ, आणि इथे मात्र करवत थेट बाईच्या मनगटाशी येऊन पोचते. मोहेंजोदडोला तांब्या-कांशाच्या करवती मिळाल्या आहेत. गुजरातच्या किनाऱ्यावर नागेश्वर नावाचं सिंधू संस्कृतीच्या काळातलं ठिकाण आहे. तिथे शंख कापून बांगड्या करायचं काम मोठ्या प्रमाणावर चालायचं. कापून टाकलेल्या शंखांवर करवतीच्या खुणा राहिल्या. त्या खुणा बघून अभ्यासकांनी ताडलं की पातं लांब, पातळ आणि बाहेरच्या बाजूला गोलाई असलेलं असावं. शंख किती कठीण असतो ते समुद्राकाठच्या आपल्याला सांगायला नको. त्यातून सारख्या जाडीच्या चकत्या काढायच्या म्हणजे हाताच्या जोराचा खेळ नव्हे.

हे काम थांबलं नाही. बंगालात लग्न झालेली बाई पांढऱ्या शंखाच्या बांगड्या घालते. ढाक्याचा शाँखारी बाजार आणि बांकुडा जिल्ह्यातलं विष्णुपूर ही या कामाची जुनी ठिकाणं. तिथले कारागीर जमिनीवर बसत, शंख पायांनी दाबून धरत आणि अर्ध्या चंद्राच्या आकाराची भलीमोठी लोखंडी करवत दोन्ही हातांनी त्यावरून मागेपुढे फिरवत. आता विजेवरची चकती आली आहे. पण ते जुनं चित्र पाहिलं तेव्हा आम्हाला विळीच आठवली. पायाने दाबून धरायचं, जमिनीवर बसायचं आणि सगळ्या अंगाचा भार नेमका कापायच्या जागी आणायचा. भोपळा विळीवर चिरताना आपण हेच करतो. जोर खांद्यातून येत नाही, बसण्यातून येतो.

आपल्याकडचे जुने सुतारही खाली बसून, पायाने लाकूड धरून काम करत आणि त्यांच्या बऱ्याच करवती ओढून कापायच्या असत. जपानमध्ये तर आजही ओढायचीच करवत चालते. ओढायची असल्यामुळे तिचं पातं अगदी पातळ ठेवता येतं. पातं पातळ असलं की फट बारीक पडते, फट बारीक असली की काढायचं लाकूड कमी आणि म्हणून मेहनत कमी. युरोपात मात्र सतराव्या शतकाच्या सुमाराला रुंद आणि ताठ पात्याची, ढकलून कापायची करवत रुळली. लोक तिथे उभं राहून, लाकूड बाकावर ठेवून काम करत. अंगाचा भार वरून टाकायचा तर ढकलणंच सोयीचं. त्यासाठी चांगलं पोलाद हवं होतं, तेही मिळालं. १७४० च्या सुमाराला शेफील्डजवळ बेंजामिन हंट्समन नावाच्या घड्याळजीने मुशीत पोलाद वितळवून एकसारखं करायची रीत बसवली आणि पुढे शेफील्डच्या करवती जगभर गेल्या. बाजारात दिसणारी लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या मुठीची रुंद करवत त्यांचीच नात. ती वाईट नाही. पण उभं राहून, कमरेएवढ्या उंचीच्या बाकावर लाकूड घट्ट आवळून वापरायची आहे. आम्ही ती अंगणात उकिडवं बसून, डोळ्यांच्या उंचीवर धरलेल्या बांबूवर चालवत होतो. मनगट सुजणार नाही तर काय होणार?

दातांची दुसरी गंमत अडकण्याची. करवत आपल्याच फटीत अडकते हे माणसाला फार पूर्वी कळलं होतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात प्लिनी नावाचा रोमन लेखक होता. त्याने लिहून ठेवलंय की ओलं लाकूड दातांमध्ये भुसा भरून टाकतं, म्हणून करवतीचे दात आळीपाळीने एक या बाजूला, एक त्या बाजूला वाकवतात. दोन हजार वर्षं झाली, अजून तेच. करवत उलटी धरा आणि धारेवरून बंदुकीचा नेम धरतात तसं बघा. दातांच्या दोन रांगा दिसतील, मध्ये पन्हळीसारखी वाट. यामुळे फट पात्यापेक्षा थोडी रुंद पडते आणि पातं मोकळं चालतं. करवत जुनी झाली, घासून घासून दात सरळ झाले की ती अडकायला लागते. तेव्हा आपण म्हणतो धार गेली, पण कित्येकदा धार असते, वाकण गेलेली असते. जाणता मेस्त्री असेल तर ती पुन्हा वाकवून देतो.

आता सगळ्यात मोठा भेद, ज्याच्यापायी आमच्या चौतीस नळ्या गेल्या. लाकूड म्हणजे उभ्या तंतूंची जुडी. तुम्ही केरसुणीच्या हिरांची जुडी बघता ना, तशी. ती आडवी कापायची तर प्रत्येक हीर सुरीने कापावा लागतो. उभी फोडायची तर हीर एकमेकांपासून सुटे करायचे, वाटेत आलेला खरवडून काढायचा. म्हणून आडवं कापायच्या करवतीचे दात कडेने तासलेले, छोट्या सुऱ्यांसारखे असतात. उभं चिरायच्या करवतीचे दात सपाट टोकाचे, छोट्या पटाशीसारखे आणि मोठे. पटाशीने आडवे तंतू कापायला गेलं की ते तुटत नाहीत, उपटले जातात. बांबूत तर हे तंतू फारच सरळ आणि चिवट, वर काचेसारखी कडक साल. आमची लाल मुठीची करवत त्याला उपटत होती.

उभं चिरणं हे पूर्वी फार मोठं काम होतं. फळी करायची म्हणजे ओंडका घोडीवर चढवायचा किंवा खड्ड्यावर आडवा टाकायचा, एक माणूस वर, एक खाली, मध्ये लांब करवत. वरचा रेघ सांभाळतो आणि खालचा भुसा खातो, असं मेस्त्रीआजोबा सांगतात. त्यांनी तरुणपणी खालीच काम केलंय. घरांची तुळई, होडीची फळी, देवळाचा दरवाजा, सगळं असंच निघायचं. १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईला आले आणि तिथल्या गोदीत त्यांच्या घराण्याने सागवानी जहाजं बांधली. त्यातलं १८१७ चं ट्रिंकोमाली नावाचं जहाज इंग्लंडात हार्टलपूलला आजही पाण्यावर उभं आहे. जहाज बांधणाऱ्यांची नावं राहिली. खाली उभं राहून भुसा खाणाऱ्यांची राहिली नाहीत.

नावांचा विषय निघालाच आहे तर दोन बायकांचं सांगतो. गोल फिरणाऱ्या चकतीच्या करवतीबद्दल एक गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये शेकर पंथाची टॅबिथा बॅबिट नावाची बाई होती. दोन पुरुष लांब करवत ओढताना तिने पाहिले. करवत एकाच बाजूला कापते, परतीची खेप फुकट जाते, हे तिच्या ध्यानात आलं. तिने पत्र्याच्या चकतीला दात पाडले, ती आपल्या चरख्याला जोडली आणि १८१३ साली गोल करवत जन्मली. गोष्ट इतकी गोड आहे की आम्ही ऐकल्याबरोबर टाळ्या वाजवल्या. पण शाळेतल्या बाईंनी पुढचं वाचून दाखवलं. इंग्लंडात सॅम्युअल मिलर नावाच्या माणसाने १७७७ सालीच अशा करवतीचं पेटंट घेतलं होतं आणि बॅबिटबाईंच्या शोधाबद्दल जाणकारांना शंका आहे. आम्ही हिरमुसलो, नाकारत नाही.

मग दुसरी बाई सापडली. लाकडाच्या वखारीत पट्ट्याची करवत असते बघा. दोन चाकांवर दातेरी पट्टा गरागरा फिरतो, तीच. तिची कल्पना विल्यम न्यूबेरी या इंग्रजाने १८०८ मध्ये पेटंट केली. पण कल्पना कागदावरच राहिली, कारण पट्टा जिथे जोडायचा तो सांधाच टिकेना. चाकावरून फिरताना वाकून वाकून तिथेच तुटायचा. फ्रान्समध्ये आन पोलीन क्रेपँ नावाच्या बाईने असा पट्टा टिकाऊ जोडायची रीत काढली आणि १८४६ साली तिचं पेटंट घेतलं. पॅरिसच्या पेरँ नावाच्या कारखानदाराने ते हक्क विकत घेतले, पोलादात आणखी सुधारणा केल्या आणि पट्ट्याची करवत कामाला लागली. म्हणजे ज्या बाईचा कागद आहे तिची गोष्ट कुणी सांगत नाही आणि जिचा कागद नाही तिची सगळे सांगतात. पुढच्या वेळी वखारीत फळी कापायला गेलात, तर पट्ट्याचा जोड कुठे आहे ते विचारा. तो जोड एका बाईने जुळवलाय.

एक गोष्ट सांगावी की नको असं चाललं होतं, पण हा कार्यक्रम आपलाच आहे. साखळीची करवत, जी आता झाडं पाडायला घरघरते, तिच्यासारखी पहिली साखळी लाकडासाठी नव्हती. १७८० नंतरच्या दशकात स्कॉटलंडमधल्या जॉन एटकेन आणि जेम्स जेफ्री या डॉक्टरांनी ती बाळंतपणासाठी केली. बाळ अडलं की ओटीपोटाच्या पुढचा हाडांचा सांधा कापून वाट मोठी करायची, त्यासाठी बारीक दातांची साखळी. पोट फाडून बाळ काढलं तर बाई जगण्याची आशा त्या काळी फारच थोडी होती. आणि भूल द्यायची सोय १८४६ नंतरची. हे ऐकलं तेव्हा आमच्या खोलीत कुणीच काही बोललं नाही. नंतर आमच्यातली सगळ्यात मोठी काकी, जिची चार बाळंतपणं घरी झाली, एवढंच म्हणाली, "आणि आपल्याला करवतीची भीती वाटते." आजचं साखळीचं यंत्र त्या हत्याराचं थेट लेकरू नाही. ते १९२० नंतर जर्मनीत श्टील आणि इतरांनी घडवलं. पण दातांची साखळी आधी बाईच्या अंगावर चालली होती, एवढं खरं.

आता ज्यांच्यामुळे आम्ही मागणी परत केली नाही त्या बायका. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडला बाहेरून येणारं लाकूड तुटलं. कोळशाच्या खाणीत छताला टेकू लावायला लाकूड हवं, रेल्वेला हवं, तारेच्या खांबांना हवं आणि पुरुष लढाईवर. १९४२ च्या एप्रिलमध्ये सरकारने बायकांची लाकूडतोड तुकडी उभी केली. दुकानात काम करणाऱ्या, केस कापणाऱ्या, कचेरीत टंकलेखन करणाऱ्या मुली जंगलात गेल्या. सुरुवातीला त्यांना हसले. त्या हजारोंनी होत्या. दोघींनी मिळून ओढायची लांब करवत, धनुकलीसारख्या चौकटीची करवत, कुऱ्हाड, ओंडके मोजायचं काम, गाडीत चढवायचं काम, सगळं त्यांनी केलं. दोन माणसांच्या करवतीचा पहिला नियम काय, तर ढकलायचं नाही. आपण ओढायचं आणि सोडायचं, मग समोरचीने ओढायचं. ढकललं की पातं वाकतं आणि दोघी दमतात. पगार पुरुषांपेक्षा कमी होता. १९४६ साली तुकडी मोडली तेव्हा सैनिकांना मिळाली तशी बक्षिसी त्यांना मिळाली नाही. स्कॉटलंडमध्ये त्यांचा पुतळा उभा राहिला तो २००७ मध्ये, साठ वर्षं उलटल्यावर.

त्याच १९४२ च्या सुमाराला अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये, १९३८ च्या वादळात पडलेले ओंडके टर्की पाँड नावाच्या तळ्यात साठवले होते. ते चिरायची गिरणी सरकारने बायकांना कामावर घेऊन चालवली. काही त्यांच्यात आजीच्या वयाच्याही असाव्यात असं फोटो बघून आम्हाला वाटलं.

बरं, आपल्या अंगणात परत या. मेस्त्रीआजोबांनी आम्हाला कोणती करवत दिली? त्यांनी लोखंड कापायची करवत दिली! हॅक्सॉ, जिला गावात सगळे एक्सा म्हणतात. तिची बारीक दातांची ब्लेड बांबूला चालते, कारण बांबूची भिंत पातळ आणि साल कडक. दात निवडायचा एक सोपा हिशेब आहे. जे कापायचंय त्याच्या जाडीत निदान तीन दात एका वेळी टेकले पाहिजेत. दोनच टेकले तर दात अडकतात, वस्तू फाटते किंवा दात तुटतो. हॅक्सॉच्या ब्लेडवर इंचाला दात किती ते लिहिलेलं असतं, १८, २४, ३२. पातळ पत्रा, पातळ नळी असेल तर २४ किंवा ३२. पाण्याच्या प्लॅस्टिक पाइपला जाडीप्रमाणे १८ किंवा २४. ब्लेडवर बाण असतो, तो मुठीपासून दूर, म्हणजे ढकलून कापायला. पण आजोबांनी आमच्यासाठी ब्लेड उलटी बसवली, बाण मुठीकडे. "तुम्ही खाली बसता, मग ओढूनच कापा." बांबू पायाखाली, गोणपाटावर. आरपार कापायचा नाही, थोडं कापलं की थोडा फिरवायचा, पुन्हा कापायचा, म्हणजे शेवटची साल ओढली जाऊन सल निघत नाही. कापायच्या जागी आधी सुती चिंधी किंवा चिकटपट्टी घट्ट गुंडाळली तर कड आणखी स्वच्छ येते. उरलेल्या नळ्या आम्ही अशा कापल्या. चार दिवस उशीर झाला, थोडे पैसे कापले गेले, पण माल गेला.

बेटातला उभा बांबू काढायचा तर तिथे एक्सा नको, तिथे जरा मोठ्या दातांची, ओलं लाकूड कापायची करवत हवी, कारण ओला भुसा बारीक दात भरून टाकतो. तीन वर्षांवरचाच बांबू काढा आणि जमिनीजवळच्या गाठीच्या लगेच वर कापा. पेराच्या मध्ये कापला तर खुंटात पेल्यासारखं पाणी साठतं, ते कुजतं.

आंब्याची फांदी छाटायला बागेची वाकडी करवत घ्या, ओढून कापायची. झाडावर उभं राहून ढकलायला गेलात तर तोल जातो. फांदी जड असेल तर आधी खालून थोडी चीर द्या, मग वरून कापा, नाहीतर फांदी पडताना खोडाची साल सोलून नेते. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावायची हे बागायतदारणींना आम्ही सांगायला नको. आणि झाड मुळातून तोडायचं असेल तर थांबा. आंबा, फणस, साग अशा कित्येक झाडांना १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते.

सरपण तोडायला चौकटीची धनुकली करवत बरी, हलकी असते, ब्लेड बदलता येते. साखळीचं यंत्र भाड्याने मिळतं म्हणून कुणी आणणार असाल, तर शिकल्याशिवाय हात लावू नका. पदर, ओढणी, मोकळे केस तिच्या जवळ नकोतच.

करवत घेताना दुकानात एवढं करा. काय कापणार ते आधी सांगा, किती जाड, ओलं की सुकं, आडवं की उभं. मग दात बघा, कुणीकडे वळलेत, सुरीसारखे की पटाशीसारखे. धारेवरून नजर टाका, दोन रांगा सारख्या आहेत का. मूठ हातात धरून बघा. पुरुषाच्या पंज्यासाठी केलेली मूठ आपल्या हाताला मोठी पडते आणि मग आपण ती जास्त आवळतो. आमच्या काकीचं मनगट त्यानेच गेलं असावं असं आजोबांचं म्हणणं. आणि दुकानदार वैतागला तर वैतागू दे.

ती लाल मुठीची करवत आम्ही परत करायला गेलो होतो. वापरलेली घेत नाही म्हणाला. मग आजोबांनी सांगितलं, राहू दे, त्रिकोणी कानस आणा, हिचे दात आडवं कापायचे करू. दर शनिवारी दुपारी ते आमच्या खोलीवर येतात, एकेक दात तासून दाखवतात आणि पुढचा आमच्याकडून करून घेतात. अर्धी झाली आहे. ज्यांच्या घरी जुनी, बोथट करवत माळ्यावर पडली असेल त्यांनी ती घेऊन या, येताना कानसही आणा, आमच्याकडे एकच आहे.